एका खोलीची रंगसफेदी

दिवाळी जवळ आली की मध्यमवर्गीय घरात एक विषय हटकून निघतो, आणि तो म्हणजे रंगसफेदीचा. यंदा रंग द्यायचा की नुसती जळमटे काढून भागवायचे, स्वयंपाकघराला पिवळा बरा की फिकट निळा, रंगारी गणपतीनंतर येतो म्हणाला होता तो दसरा उलटला तरी का आला नाही, अशा चर्चांतून आश्विन महिना कधी सरतो ते कळत नाही. घरी येणाऱ्याला दारातच प्रसन्न वाटावे, एवढाच ह्या साऱ्या खटाटोपामागचा हेतू. जागेचा माणसाच्या मनावर परिणाम होतो, ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही.

पण काही खोल्या अशा असतात की तेथे येणारा माणूस पाहुणा नसतो. तो भ्यालेला असतो. अशा खोलीच्या रंगसफेदीचा विचार कोणी करावा? गेल्या वर्षी आमच्या शहरातल्या एका कला महाविद्यालयाच्या सात-आठ विद्यार्थ्यांनी तो केला. त्यांचा विषय डिझाइन, म्हणजे वस्तूंची व जागांची रचना. माझा विषय मराठी. तेव्हा त्यांचे आणि माझे काम पडायचे कारण काय, असे कोणीही विचारील. ती मुले माझ्याकडे आली ती एका पाटीवरचा मजकूर तपासून घ्यायला. त्या पाटीपायी मला जे पाहायला आणि शिकायला मिळाले, ते ह्या दिवाळीत वाचकांना सांगावे असे वाटले, म्हणून हा लेख.

बाक रिकामा का?

खोली म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा. एक सेवाभावी संस्था तेथे वस्तीतल्या लोकांसाठी एचआयव्हीची तपासणी करते. तपासणी तशी साधी असते. बोटाच्या टोकाला सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, तो चाचणीच्या पट्टीवर सोडायचा, आणि अर्ध्या तासाच्या आत उत्तर. ही झाली पहिली चाचणी. तिच्यात काही आढळले तर त्या माणसाला सरकारी केंद्रात नेऊन खात्री करून घेतात. तेथेही निरनिराळ्या तीन चाचण्यांचे उत्तर जुळल्याखेरीज कोणाला लागण झाली असे ठरवीत नाहीत. सरकारी केंद्रात तपासणीला पैसे पडत नाहीत, आणि पुढे औषधालाही पडत नाहीत.

मुले प्रथम तेथे गेली तेव्हा त्यांच्या डोक्यात भिंतीवर मोठे रंगीत चित्र काढावे असा बेत होता. तांबडी फीत, उगवता सूर्य, हातात हात घातलेली माणसे, असे काहीतरी. तेथे समुपदेशनाचे काम करणाऱ्या ताईंनी तो बेत शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “चित्र मागाहून काढा. आधी ही फळी छताला नेऊन भिडवता येईल का, ते बघा.”

त्या गाळ्याचे दोन भाग करणारी प्लायवुडची भिंत छातीपेक्षा जराशी उंच होती. आत बोललेला शब्द बाहेर बसलेल्याला स्वच्छ ऐकू येई. त्यामुळे ताई आवाज खाली घेत, समोरचा त्याहून खाली घेई, आणि ज्या बोलण्यावर एखाद्याचे पुढचे आयुष्य अवलंबून, ते अर्धे कुजबुजीत हरवून जाई.

मग त्या मुलांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. कागद-पेन्सिल बाजूला ठेवून ती चार दिवस तेथे नुसती बसून राहिली. त्यांना दिसले ते असे: दारासमोर, रस्त्याकडे तोंड करून एक बाक ठेवलेला होता. त्या बाकावर कोणीही बसत नसे. माणसे समोरच्या पानाच्या ठेल्यापाशी उभी राहत, भ्रमणध्वनीत बघितल्यासारखे करीत, दारावरून एकदा जात, दोनदा जात, आणि रस्ता मोकळा दिसला तर चटकन आत शिरत. कित्येक तर तिसऱ्या फेरीनंतर परत फिरत. एक बाई हातात भाजीची पिशवी घेऊन दोन दिवस आली. दोन्ही दिवस ती पायरीपाशी थांबली आणि निघून गेली. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही.

ही हकीकत मला सांगताना एक मुलगी म्हणाली, “मॅडम, आम्हांला कॉलेजात शिकवतात की खुर्ची बसायला सोयीची हवी. पण ज्या बाकावर बसलं की सगळा रस्ता आपल्याकडे बघतो, तो मऊ असला काय आणि टणक असला काय?”

दार ओलांडले नाही तर

कोणी म्हणेल, आता ह्या रोगाचे काय एवढे? वीस-पंचवीस वर्षांपूर्वी वर्तमानपत्रे त्याच्या बातम्यांनी भरलेली असत. हल्ली तसे काही दिसत नाही. बातम्या कमी झाल्या हे खरे, पण रोग गेलेला नाही. २०२३ सालच्या सरकारी अंदाजानुसार आपल्या देशात सुमारे पंचवीस लाख माणसे एचआयव्हीसह जगत होती, आणि राज्याराज्यांत पाहिले तर त्यांची सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्रात होती. त्या सुमाराच्या आकड्यांवरून असे दिसते की, दर पाचांपैकी जवळजवळ एकाला आपल्याला लागण झाली आहे हे ठाऊकच नव्हते.

ठाऊक असण्याने काय होते, हे ज्यांनी १९९० च्या दशकातली परिस्थिती पाहिली त्यांना चटकन पटणार नाही, इतका पालट झालेला आहे. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारने ह्या रोगावरची औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. २०१७ पासून निदान झाले की लगेच उपचार असे धोरण आले. औषध रोज आणि न चुकता घेतले तर माणूस नोकरी करतो, संसार करतो, म्हातारा होतो. रक्तातले विषाणू चाचणीत सापडू नयेत इतके कमी झाले आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हेही आता सिद्ध झालेले आहे. आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका उपचाराविना शंभरांत पंधरा ते पंचेचाळीस इतका असतो. वेळेवर उपचार मिळाले तर तो पाचांच्याही खाली येतो.

कायदाही झाला आहे. २०१७ सालचा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. माणसाला नीट समजावून, त्याची संमती घेतल्यावाचून चाचणी करायची नाही. तिचे उत्तर त्याच्या अनुमतीविना दुसऱ्याला सांगायचे नाही. ह्या कारणावरून कोणाला नोकरीतून काढायचे नाही की भाड्याचे घर नाकारायचे नाही, असे तो सांगतो.

तात्पर्य, चाचणी आहे, औषध आहे, कायदा आहे. पण ह्या तिन्हींचा उपयोग दाराच्या आत गेल्यावर सुरू होतो. भाजीची पिशवी घेऊन परत गेलेल्या त्या बाईच्या वाट्याला त्यांतले काहीच आले नाही. ती आत आली असती तर तिचे उत्तर काय निघाले असते, कोणास ठाऊक. कदाचित काहीच निघाले नसते आणि ती सुखाने घरी जाऊन भाजी निवडायला बसली असती.

मद्रासची विद्यार्थिनी

विद्यार्थ्यांनी ह्या कामात हात घालावा ह्याचे मला प्रथम नवल वाटले होते. पुढे त्या निमित्ताने थोडे वाचन केले तेव्हा ध्यानात आले की, आपल्या देशात ह्या रोगाचा पहिला पुरावा शोधून काढला तोच मुळी एका विद्यार्थिनीने.

१९८५ साल संपत आले होते. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. सेल्लप्पन निर्मला प्रबंधासाठी विषय शोधीत होत्या. त्यांच्या प्राध्यापिका डॉ. सुनिती सॉलोमन ह्यांनी हा विषय सुचवला. ह्या सुनितीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या एका मराठी घराण्यातल्या. त्या काळी हा रोग म्हणजे अमेरिकेतल्या लोकांचा, आपल्याकडे कसला येतोय, अशीच सर्वसाधारण समजूत होती. खुद्द निर्मला ह्यांनाही काही सापडेल असे वाटत नव्हते.

साधनांच्या नावाने सगळा आनंद होता. हातमोजे नाहीत, नमुने ठेवायला नीट जागा नाही. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना जेथे ठेवीत त्या सरकारी गृहात जाऊन निर्मला ह्यांनी रक्ताचे नमुने गोळा केले. ते नमुने त्यांच्या घरातल्या फ्रिजमध्ये राहत. मद्रासेत चाचणीची सोय नव्हती. ती होती सुमारे एकशे चाळीस किलोमीटरवरच्या वेल्लोरला, ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. १९८६ च्या फेब्रुवारीत बर्फाच्या पेटीत नमुने घालून त्या रात्रीच्या गाडीने निघाल्या. तेथे सहा नमुन्यांचा रंग पिवळा झाला. भारतात एचआयव्ही आहे हे त्या दिवशी कळले. पुढे १९९३ साली सुनितीबाईंनी आपल्या वडिलांच्या नावाने, वाय. आर. गायतोंडे ह्यांच्या स्मरणार्थ, चेन्नईत संस्था काढली आणि ह्या रोग्यांची आयुष्यभर सेवा केली. २०१५ साली त्या निवर्तल्या.

ह्या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रक्त देणाऱ्या त्या स्त्रियांना, ही चाचणी कशाची, हे सांगितलेले नव्हते, असे निर्मला ह्यांनीच पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. सांगितले असते तरी त्यांना तो शब्द कळला नसता, कारण तेव्हा तो कोणालाच ठाऊक नव्हता. आज परिस्थिती उलट आहे. शब्द सर्वांना ठाऊक आहे, पण तो उच्चारायचा नाही असा जणू संकेत होऊन बसला आहे. मी स्वतः त्याला अपवाद नव्हते, हे मला लवकरच कळून आले.

कंदिलावरची चिठ्ठी

मुलांनी सुताराचा, रंगाऱ्याचा आणि वायरमनचा अंदाज घेतला तेव्हा आकडा लाखाच्या वर गेला. संस्थेजवळ पैसा होता तो पगाराला आणि चाचणीच्या साहित्याला. तेव्हा मुलांनी ठरवले की, दिवाळीत आकाशकंदील करून विकायचे. रोज संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर कामट्या तासणे, खळ लावणे, पतंगी कागद चिकटवणे सुरू झाले. परतीच्या पावसाने एका रात्रीत बरेच कंदील भिजवले. ते पुन्हा केले. कंदील मात्र सुरेख झाले होते. घडी घालून पुढच्या वर्षासाठी ठेवता यावेत अशी त्यांची युक्ती होती.

प्रत्येक कंदिलाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची होती, आणि तिच्यावर पैसे कशासाठी ते लिहायचे होते. मजकूर पाहायला ती मुले माझ्याकडे आली. त्यांनी लिहिले होते, ‘ह्या कंदिलाचे पैसे आपल्या शहरातील एचआयव्ही तपासणी केंद्राच्या दुरुस्तीसाठी आहेत.’ मी लाल पेन काढले आणि मधला शब्द खोडून ‘एका आरोग्य केंद्राच्या दुरुस्तीसाठी’ असे केले. म्हटले, “सणासुदीचे दिवस आहेत. लोकांना उगीच कशाला बिचकवायचे? पैसे मिळाल्याशी कारण.”

एक मुलगा चाचरत म्हणाला, “पण मॅडम, लोक विचारतील, कुठलं आरोग्य केंद्र? तेव्हा आम्ही काय सांगायचं?”

ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. जन्मभर मुलांना नेमका शब्द वापरा म्हणून सांगत आले, आणि वेळ आली तेव्हा नेमका शब्द खोडला तो मीच. मी तो पुन्हा लिहून दिला, पण मनापासून दिला असे म्हणवत नाही.

आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी मुलांनी टेबल मांडले त्या संध्याकाळी मीही तेथे उभी होते. आमच्याच मजल्यावरच्या एका काकूंना जांभळा कंदील फार आवडला. त्यांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला, किंमत विचारली, पर्समध्ये हात घातला, आणि तेवढ्यात चिठ्ठी वाचली. मग कंदील अलगद खाली ठेवून त्या म्हणाल्या, “नको गं. घरात लहान मुलं आहेत.”

कागदाच्या कंदिलातून रोग येत नाही, हे त्या काकूंना ठाऊक नव्हते असे नाही. त्या शिकलेल्या आहेत. पण तो शब्द घराच्या गॅलरीत टांगायचा, ही कल्पनाच त्यांना सोसेना. मी काही बोलले नाही. त्यांचा राग मला आला नाही, कारण दोन दिवसांपूर्वी मीही तेच केले होते.

आणखी एक गृहस्थ म्हणाले, “मुलांनो, काम चांगलं आहे, पण पैसे औषधाला द्यावेत. भिंती रंगवून रोगी बरे होतात का?” हा प्रश्न मात्र सरळ होता आणि त्याचे उत्तर द्यायला हवे होते.

भिंतींनी रोगी बरे होतात का?

होत नसतील, पण भिंतींनी माणसे दगावतात, हे सिद्ध झालेले आहे. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलु-नाताल प्रांतात तुगेला फेरी नावाचे एक गाव आहे. तेथे २००५-०६ मध्ये बहुतेक सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे ५३ रोगी सापडले. त्यांतले ५२ दगावले. ४४ जणांची एचआयव्ही चाचणी झालेली होती आणि त्या सर्वांना लागण होती. त्यांतल्या कित्येकांना ह्यापूर्वी क्षय झालेलाच नव्हता; मात्र ते रुग्णालयात राहून गेले होते. एचआयव्हीने दुबळी झालेली माणसे उपचारासाठी जेथे आली, तेथेच त्यांना दुसऱ्याचा क्षय जडला असावा, असा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. कोंदट वॉर्ड आणि वारा न खेळणारे बोळ हेच रोगाचे वाहन झाले.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात वास्तुरचना शिकणारा मायकेल मर्फी नावाचा विद्यार्थी डॉ. पॉल फार्मर ह्यांच्या व्याख्यानाला गेला होता. फार्मर म्हणजे हैती आणि रवांडा ह्यांसारख्या गरीब देशांत एड्स व क्षयाच्या रोग्यांसाठी दवाखाने उभारणारे डॉक्टर. हे दवाखाने बांधताना तुम्हांला कोणत्या वास्तुविशारदांचे साहाय्य झाले, असे विचारता कोणाचेच नाही, असे त्याला समजले. त्या एका उत्तराने त्याच्या आयुष्याला दिशा मिळाली. अॅलन रिक्स आदी सहाध्यायांबरोबर त्याने काम सुरू केले, आणि रवांडातील बुटारो येथे त्यांनी आखलेले रुग्णालय जानेवारी २०११ मध्ये उघडले. त्यात बंदिस्त बोळ नाहीत. जाण्या-येण्याची वाट बाहेरून, पडवीसारखी. खिडक्या मोठ्या, पंखे रुंद पात्यांचे, आणि खाटांची तोंडे भिंतीकडे नसून बाहेरच्या डोंगराकडे. शेतातून उचलून टाकायचा काळा ज्वालामुखीचा दगड तिथल्याच गवंड्यांनी घडवून भिंतींना लावला. फार्मर २०२२ साली निवर्तले तेही ह्याच बुटारोत.

आमच्या विद्यार्थ्यांचा गाळा बुटारोपुढे काहीच नव्हे. पण तत्त्व एकच आहे. तेथे वाऱ्याला वाट करून द्यायची होती, येथे आवाज अडवायचा होता. दोन्ही ठिकाणी रोगी काय सोसतो हे आधी पाहावे लागले, आणि मगच रेघ ओढता आली.

गोधडीचे पैसे

हाताने काही करून, ते लोकांपुढे मांडून पैसे उभे करण्याची रीतही ह्या रोगाच्या इतिहासात नवी नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात क्लीव्ह जोन्स ह्या कार्यकर्त्याच्या कल्पनेतून १९८७ साली एक गोधडी शिवायला घेतली गेली. एड्सने गेलेल्या प्रत्येकासाठी त्याच्या माणसांनी तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब असा एक तुकडा शिवायचा. साधारण थडग्याच्या मापाचा. कोणी त्यावर सदऱ्याचे तुकडे लावले, कोणी लहानपणचे खेळणे शिवले, आणि बहुतेकांनी नाव लिहिले. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या मैदानावर ती अंथरली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. पुढल्या वर्षी ती वीस शहरांतून चार महिने फिरली आणि तिने त्या त्या गावच्या सेवासंस्थांसाठी जवळजवळ पाच लाख डॉलर उभे केले. आज तिच्यात सुमारे पन्नास हजार तुकडे आहेत.

आपल्या घरी आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी असते. ती पांघरली की आजीची आठवण होते. त्या परक्या मुलखातल्या माणसांना हीच वाट सुचावी, ह्याचे मला फार वाटले. त्या गोधडीने पैसे मिळवले, पण त्याहून मोठे काम हे केले की, जी नावे घरच्यांनी कुजबुजत घ्यायची ती उन्हात उलगडून ठेवली.

आपल्याकडेही ज्यांच्याविषयी समाज कुजबुजतो त्यांनीच आपले काम आपण हाती घेतल्याचे उदाहरण आहे. मुंबईत अशोक राव कवी आदींनी १९९४ साली हमसफर ट्रस्ट स्थापन केला. समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी ह्यांच्यासाठी त्यांनी वाकोल्यातल्या पालिकेच्या एका जुन्या इमारतीत केंद्र चालवले. आपल्याला नावे ठेवणार नाही असा माणूस दारात दिसला तर दार ओलांडणे सोपे जाते, हे अशा केंद्रांनी दाखवून दिले.

आमच्या फाटकापाशी त्या गृहस्थांना मुलांनी ह्यातले जमेल तेवढे सांगितले. त्यांनी ऐकले, दोन कंदील घेतले आणि गेले. त्यानंतर दोन दिवसांनी आणखी एक जण, कोण ते मी सांगत नाही, टेबलापाशी कोणी नाही असे पाहून आला आणि हलक्या आवाजात विचारता झाला, “हे केंद्र संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं?” मुलीने वेळ सांगितली आणि पुन्हा कागद चिकटवू लागली. त्याच्याकडे तिने मुद्दाम पाहिले नाही. त्याने कंदील घेतला नाही. पण चिठ्ठी मात्र खिशात घातली. चिठ्ठीवरचा तो शब्द मी खोडलेलाच ठेवला असता, तर त्याने हा प्रश्न कोणाला विचारला असता?

पाटी

सगळे कंदील खपले. पैसे पुरे झाले नाहीत, पण बरेचसे काम झाले. प्लायवुडची फळी काढून छतापर्यंत दुहेरी भिंत घातली, मध्ये आवाज शोषणारा कापूस भरला. बाक रस्त्यापासून वळवून आत, खिडकीकडे तोंड करून ठेवला आणि खिडकीला दुधी काच बसवली. तपासणी झाल्यावर पुन्हा बसलेल्या लोकांसमोरून जावे लागू नये म्हणून मागच्या बोळात उघडणारे बंद दार मोकळे केले. कागदपत्रांच्या कपाटाला कुलूप आले. पाण्याचा माठ आला. भिंतींना मोतिया रंग दिला. चित्र काढलेच नाही.

राहिली पाटी. जुन्या पाटीवर लाल अक्षरांत नुसते ‘एड्स तपासणी’ असे होते. ताई म्हणाल्या, “ही पाटी अशीच ठेवली तर पायरी चढणारा माणूस कशासाठी आला ते सगळ्या गल्लीला कळतं. आणि शब्द काढूनच टाकला तर ज्याला यायचं त्याला केंद्र सापडत नाही.” पाटीचा मजकूर तपासायला मुले प्रथम आली होती ती ह्याच पेचात सापडून.

ह्या पेचावर पुष्कळ खल झाला. शेवटी तोड निघाली ती ताईंच्याच बोलण्यातून. केंद्रात रक्तदाब आणि रक्तातली साखर पाहण्याचीही सोय होती, पण ते कोणाला ठाऊक नव्हते. तेव्हा तिन्ही नावे लिहायची, सारख्या अक्षरांत, सारख्या रंगांत, असे ठरले. पण आधी कोणते? एचआयव्ही शेवटी लिहिले तर लपवल्यासारखे दिसते, आधी लिहिले तर मिरवल्यासारखे. तेव्हा मराठीच्या बाईंना जे येते ते मी सुचवले: वर्णानुक्रम. कोशात शब्द जसे येतात तसे. तेथे कोणी मोठा नाही, लहान नाही, कोणाची लाज नाही. आज त्या दारावर काळ्या सुबक अक्षरांत असे लिहिलेले आहे:

आरोग्य सल्ला व तपासणी
एचआयव्ही · मधुमेह · रक्तदाब

माणसाची गोष्ट माणसाजवळ राहिली पाहिजे, पण रोगाचे नाव चारचौघांत घेता आले पाहिजे. ह्या दोन गोष्टी आपण एकच समजतो आणि घोटाळा करतो. एकीला गोपनीयता म्हणतात आणि दुसरीला नुसती लपवाछपवी. त्या मुलांनी भिंत बांधली ती पहिलीसाठी, आणि चिठ्ठी लिहिली ती दुसरी मोडण्यासाठी.

परवा त्या रस्त्याने जाताना मी आत डोकावले. बाकावर तिघे बसलेले होते. एक म्हातारेबुवा बहुधा साखर पाहायला आलेले. एक तरुण वर्तमानपत्र वाचीत होता. आणि एक बाई होत्या. कोण कशासाठी आले होते ते मला कळले नाही, आणि कळू नये अशीच ती रचना आहे. पिशवी घेऊन परत गेलेली बाई पुन्हा आली का, असे मी ताईंना विचारणार होते. पण त्या सांगणार नाहीत हे आठवले आणि विचारले नाही.

जमिनीची लादी अजून फुटकीच आहे. तिच्यासाठी यंदाही मुलांनी कंदील केले आहेत. आमच्या गॅलरीत एक टांगला आहे, चिठ्ठीसकट. काकूंच्या गॅलरीत नाही. पण त्यांची नात परवा आमच्या दारात उभी राहून ती चिठ्ठी मोठ्याने वाचीत होती, आणि काकू आतून ऐकत होत्या. त्यांनी तिला हाक मारून आत नेले नाही.

वाचकहो, आपल्याही गावात, बहुधा सरकारी रुग्णालयाच्या आवारात, असे एखादे केंद्र असेल. ठाऊक नसेल तर १०९७ ह्या विनामूल्य क्रमांकावर विचारता येते. दिवाळीच्या सुट्टीत सवड काढून एकदा तेथे जाऊन या. तपासणी करून घ्यायची असेल तर घ्या, नसेल तर नुसता तिथला बाक कोठे ठेवला आहे ते पाहा, आणि त्यावर कोणी बसले आहे का तेही पाहा. नसेल, तर तो जरासा वळवायला काय लागेल, हे तिथल्या माणसांना विचारा.